टॉरमोर: स्पेसाइडची सर्वांत देखणी डिस्टिलरी कामाला कशी आहे?

व्हिस्कीच्या डिस्टिलरीची इमारत चांगली की वाईट, हे दोनदा कळतं: भर हिवाळ्यात, आणि जुना पॉट स्टिल (दारू गाळायचं तांब्याचं मोठं भांडं) काढून नवा बसवायची वेळ येते तेव्हा. एरवी फिकट भिंती, हिरवं छप्पर आणि पुढची कातरलेली झाडं पाहून कुणीही खूश होतं. स्कॉटलंडमध्ये 1949 ते 1975 या काळात डिस्टिलऱ्यांचं मोठं बांधकाम झालं. त्यात पाहताक्षणी आवडाव्यात अशा वास्तू थोड्याच आहेत, आणि त्यांत टॉरमोरचा नंबर पहिला लागतो. ती सुंदर आहे यात वाद नाही. कामाला ती कशी आहे हे मात्र तिच्या पिढीतल्या इतर इमारतींशेजारी ठेवल्याशिवाय ठरवता येत नाही.

स्कॉटलंडच्या ईशान्येला स्पे नदीच्या खोऱ्यात, म्हणजे स्पेसाइडमध्ये, ग्रँटाउन-ऑन-स्पेहून अ‍ॅबरलोरकडे जाताना, अ‍ॅडव्ही या वस्तीजवळ टॉरमोर लागते. स्पे खोऱ्यातल्या बऱ्याच डिस्टिलऱ्या मुख्य रस्त्यापासून आत, ओढ्याच्या घळीत असतात. टॉरमोर मात्र ए95 रस्त्याला लागून, रस्त्याकडे तोंड करून उभी आहे, आणि हे ठरवून केलेलं आहे. 1958 ते 1960 या काळात ती बांधणारी कंपनी सीगर इव्हान्स. लाँग जॉन हा तिचा मुख्य ब्लेंड (अनेक व्हिस्कींचं मिश्रण), आणि 1956पासून तिच्यामागे अमेरिकेतल्या शेनली कंपनीचा पैसा. युद्धानंतर अमेरिकेत स्कॉचचा खप झपाट्याने वाढत होता. मालकांना ब्लेंडसाठी माल्ट व्हिस्की (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली) हवी होतीच, शिवाय ती जिथे तयार होते ती जागा दाखवण्यासारखी हवी होती.

स्पेसाइडमध्ये मोकळ्या जमिनीवर नवी डिस्टिलरी उभी राहून तेव्हा साठेक वर्षं लोटली होती. आधीची शेवटची म्हणजे ग्लेन एल्गिन, 1898 ते 1900मधली. तिचे वास्तुविशारद चार्ल्स डोइग यांनी, आता पन्नास वर्षं इथे नवी डिस्टिलरी होणार नाही, असं भाकीत केल्याचं सांगतात. कीथ गावातली ग्लेन कीथ टॉरमोरच्या थोडी आधी सुरू झाली, पण ती जुन्या धान्य-गिरणीच्या जागेत बसवलेली. पायापासून आखायची संधी मिळाली ती टॉरमोरला.

आखणीचं काम गेलं सर अल्बर्ट रिचर्डसन यांच्याकडे. वय अठ्ठ्याहत्तर, 1954 ते 1956 रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष, जॉर्जियन वास्तुकलेचे कट्टर पुरस्कर्ते आणि काच-काँक्रीटच्या नव्या शैलीचे तितकेच कट्टर विरोधक. त्याच सुमारास लंडनमध्ये फायनान्शियल टाइम्ससाठी त्यांचं ब्रॅकन हाउस (1955–59) पूर्ण होत होतं. पुढे 1987मध्ये ते इंग्लंडमधल्या संरक्षित वास्तूंच्या यादीत गेलं, आणि युद्धोत्तर काळातली त्या यादीतली ती पहिली इमारत ठरली. दोन्ही कामांत एकच स्वभाव दिसतो: दर्शनी भागाचं काटेकोर प्रमाण, चांगला दगड, धातूचं छप्पर आणि लोकांना मान वर करून पाहायला लावणारं घड्याळ.

टॉरमोरमध्ये काय काय आहे ते थोडक्यात सांगायचं तर: लांबलचक मुख्य इमारत, तिला अनेक तावदानांच्या उंच खिडक्या, ग्रॅनाइटचं काम, वर उतरतं तांब्याचं छप्पर आणि त्यातून डोकावणाऱ्या लहान खिडक्या. बाजूला घड्याळाचा घुमटीवजा मनोरा. त्यातून स्कॉटिश धून वाजावी अशी योजना. बॉयलरची उंच चिमणी. समोर कर्लिंग (बर्फावर दगड घसरवायचा खेळ) खेळण्यासाठी आखलेलं तळं, पॉट स्टिलच्या आकारात कातरलेली झुडपं, आणि कामगारांसाठी त्याच शैलीत बांधलेली घरं. प्रांगणात पॉट स्टिलच्या आकाराची कालकुपी पुरलेली आहे. ती 2060मध्ये उघडायची आहे. पॅगोडा मात्र नाही, आणि रिचर्डसन यांचा हा निर्णय मला फार पटतो. पॅगोडा म्हणजे माल्ट वाळवायच्या भट्टीवरचा धूर बाहेर ओढणारा भाग. डोइग यांनी तो 1889मध्ये डेल्युएनला प्रथम बसवला. भट्टी बंद झाली तरी पॅगोडा ठेवायचा, किंवा नुसत्या शोभेसाठी नवा बांधायचा, ही पद्धत पुढे रूढ झाली. टॉरमोरने व्हिस्कीची ही तयार खूण उसनी घेतली नाही.

आता छप्पर. या इमारतीबद्दल बोलताना लोक हिरव्या रंगाचं कौतुक करतात आणि पुढे जातात, पण खरं काम तिथेच झालेलं आहे. छपराला वापरतात तो तांब्याचा पत्रा 0.6 ते 0.7 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 5.4 ते 6.3 किलो. स्लेटचं छप्पर याच्या पाचपट किंवा त्याहून जड भरतं. वजन कमी म्हणून खालचे कैचीचे सांगाडे हलके चालतात, आणि रुंद, मधे खांब नसलेली स्टिलहाउसची, म्हणजे पॉट स्टिल असलेली, खोली झाकणं सोपं जातं. अडचण तापमानाची. तांबं दर अंशाला मीटरमागे 0.017 मिलिमीटर वाढतं. दहा मीटर लांबीचा पत्रा हिवाळ्यातल्या रात्रीपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत 50 अंशांचा फरक सोसतो, तेव्हा तो साडेआठ मिलिमीटर हलतो. पत्रा थेट खिळ्यांनी ठोकला तर काही वर्षांत खिळ्याभोवती चिरतो. म्हणून दोन पत्र्यांच्या कडा उभ्या दुमडून एकमेकींत गुंतवतात आणि आत सरकत्या क्लिपा ठेवतात. डिस्टिलरीत भर म्हणजे खालून वाफाळलेली ऊब सतत वर येत असते. छपराखाली हवा खेळायला जागा नसेल तर पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि खालच्या लाकडी फळ्या कुजतात. तांबं साठ-सत्तर वर्षं सहज टिकतं. आधी जातात त्या फळ्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. तांब्यावरून ओघळणाऱ्या पावसात तांब्याचे क्षार असतात. ते पाणी जस्तलेपित पन्हळीत पडलं तर जस्त खाऊन टाकतं, आणि फिकट भिंतीवर पडलं तर हिरवट डाग धरतं. त्यामुळे पन्हळी, खाली येणारे नळ, खिळे हे सगळं तांब्याचं किंवा तांब्याशी जमणाऱ्या धातूचंच लागतं. दुरुस्तीच्या वेळी कुणी स्वस्तातली जस्तलेपित पन्हळ लावली की थोड्याच वर्षांत ती चाळणी होते. अशा इमारतीची पाहणी करायची असेल तर आधी पन्हळींचे सांधे आणि छज्जाखालची भिंत पाहावी. छप्पर नीट आहे की नाही ते तिथेच कळतं.

टॉरमोरच्या मोठ्या खिडक्यांमागे एक तांत्रिक कारण आहे. जुन्या डिस्टिलऱ्यांत पॉट स्टिलखाली थेट कोळसा पेटवत. त्यासाठी खाली भट्टीची तोंडं, कोळशाचा ढीग, राख काढायची वाट, आणि भोवती जाड भिंती लागत. पन्नास-साठच्या दशकांत वाफेवर तापवण्याची पद्धत रुळली. बॉयलर वेगळ्या खोलीत गेला आणि स्टिलच्या पोटात वाफेची वेटोळी आली. स्टिलहाउसची जमीन स्वच्छ झाली, भिंतींना आगीचं काम राहिलं नाही. तिथे खिडकी घालायची की पूर्ण काच, एवढाच प्रश्न उरला. रिचर्डसन यांनी खिडकी निवडली. दहा वर्षांनी दुसऱ्यांनी काच निवडली.

स्टिलहाउसमध्ये उजेड हवा तो पाहुण्यांसाठी हवा असं नाही. वॉश स्टिल (पहिल्या गाळणीचा) तापायला लागला की आतल्या आठेक टक्के अल्कोहोलच्या वॉशला, म्हणजे आंबवलेल्या रसाला, फेस येतो. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो, प्रथिनं असतात. स्टिलच्या गळ्यात काचेचे झरोके बसवलेले असतात. स्टिलमन त्यातून फेस कुठवर चढला ते पाहतो, आणि फेस झरोक्यात आला की वाफेची झडप आवळतो. उशीर झाला तर फेस मान ओलांडून कंडेन्सरमध्ये (वाफ गार करून द्रव करणाऱ्या भागात) जातो, नळ्या घाण होतात आणि तो सगळा घाणा बिघडतो. दुसरं काम स्पिरिट सेफमध्ये, म्हणजे गाळलेलं स्पिरिट जिच्यातून वाहतं त्या कुलूपबंद काचेच्या पेटीत. सुरुवातीचा अंश संपला का हे ठरवायला निघणाऱ्या स्पिरिटमध्ये पाणी घालून ते 45.7 टक्क्यांवर आणतात. तरीही ते दुधाळ दिसत असेल तर अजून थांबायचं, नितळ झालं की मधला, ठेवायचा भाग सुरू. नितळ आणि किंचित धूसर यांतला फरक पिवळ्या दिव्यात ओळखणं कठीण, दिवसाच्या उजेडात सोपं. आज बऱ्याच ठिकाणी हे काम मीटर आणि संगणक करतात. 1960मध्ये ते डोळ्यांनी व्हायचं, आणि उंच खिडक्यांनी त्या डोळ्यांना साथ दिली.

उलट बाजूची शाळा म्हणजे डिस्टिलर्स कंपनीची उपकंपनी स्कॉटिश माल्ट डिस्टिलर्स हिने साठ-सत्तरच्या दशकांत लावलेला ठरावीक साचा. ग्लासगोच्या वॉटरलू स्ट्रीटवरून त्याला ‘वॉटरलू स्ट्रीट’ शैली म्हणतात. क्लाइनलिश (1967–68) आणि कल ईला (1972–74) ही त्याची सर्वांत चांगली उदाहरणं. साचा साधा आहे: सपाट किंवा कमी उताराचं छप्पर, सांगाड्यावर उभी इमारत, पॉट स्टिल ओळीत, आणि त्यांच्यासमोर जमिनीपासून वरपर्यंत काचेची भिंत. आयला बेटावरच्या कल ईलामध्ये 1972ला जुनं स्टिलहाउस पाडून हे बांधलं. सहा स्टिल, आणि काचेपलीकडे थेट साउंड ऑफ आयला ही सामुद्रधुनी आणि समोरच्या जुरा बेटाचे डोंगर. स्कॉटलंडमध्ये कामाच्या जागेवरून दिसणारा इतका सुंदर देखावा क्वचित मिळतो. इमारत मात्र जवळून पाहिली तर रुक्ष आहे, तपशिलात कुठेही लाड नाहीत. तरीसुद्धा डिस्टिलरी म्हणून मी तिला टॉरमोरच्या वर ठेवतो, आणि त्याचं कारण स्टिल बदलण्यात आहे.

पॉट स्टिल कायमचे नसतात. तांबं गंधकाची संयुगं शोषून घेतं म्हणूनच ते वापरतात, आणि त्याच कामात झिजतं. आधी झिजते ती मान, खांदा आणि कंडेन्सरकडे जाणारी आडवी नळी; पोट जास्त वर्षं तग धरतं. पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजतात. मूळच्या पाच-सहा मिलिमीटरची दोन-तीनवर आली की तो भाग बदलावा लागतो, नाहीतर स्टिल गार होताना आत निर्वात झाल्यावर भिंत आत दबते. नवा भाग वजनाने काही टन, आकाराने खोलीएवढा. तो आत न्यायचा कसा? काचेची भिंत भार वाहत नाही. दोन-तीन खणांच्या काचा आणि मधले दांडे सोडले की समोरच्या अंगणातून क्रेन थेट आत पोहोचते. दगडी चेहऱ्याच्या इमारतीत खिडकीची रुंदी ठरलेली असते. तिथून मान जाईल, पोट जाणार नाही. मग मागची भिंत किंवा छप्पर उघडायचं, आणि तांब्याच्या छपराचे गुंतवलेले सांधे उघडून पुन्हा तसेच बसवणारे कारागीर शोधायचे. इमारत संरक्षित यादीत असेल तर परवानगीही आधी घ्यावी लागते.

काचेच्या भिंतीचं दुखणं वेगळं. त्या काळच्या काचा एकेरी आणि चौकटी पोलादाच्या. आत ऊब आणि बाष्प, बाहेर गोठवणारा वारा, म्हणजे हिवाळाभर काचेवरून पाणी ओघळणार. ते चौकटीच्या खालच्या आडव्या पट्टीत साचतं आणि पोलाद गंजतं. गंज मूळ पोलादाच्या कैक पट जागा घेतो, म्हणून चौकट फुगते आणि काच कोपऱ्यातून तडकते. कल ईलासारख्या ठिकाणी समुद्राचं मीठ हे सगळं आणखी लवकर घडवतं. नुसती काच बदलून काही होत नाही. खालच्या पट्टीला पाणी निचरायची भोकं आहेत का, ती रंगाने बुजली आहेत का, हे आधी पाहायला हवं. टॉरमोरच्या लहान तावदानांना हाच त्रास होतो, पण एक तावदान बदलणं आणि चार मीटर उंच काच बदलणं यांत फरक आहे. उजेडाच्या बाबतीत कल ईला जिंकते, देखभालीत टॉरमोर.

टॉरमोरचा जो गुण लोकांच्या लक्षात येत नाही तो 1972मध्ये सिद्ध झाला. त्या वर्षी स्टिल चारांचे आठ केले. एवढी वाढ झाली की डिस्टिलरीची मूळ मांडणी सहसा विस्कटते. कुठे पत्र्याची शेड चिकटवतात, कुठे भिंत फोडून विटांचा डबा जोडतात. टॉरमोरच्या रस्त्याकडच्या चेहऱ्याला त्याचा धक्का लागला नाही. या स्टिलना प्युरिफायरही आहेत: आडव्या नळीवरचं एक भांडं, जे जड वाफ गार करून पुन्हा स्टिलमध्ये सोडतं आणि हलकं स्पिरिट पुढे पाठवतं. त्याला स्टिलच्या डोक्यावर अधिक उंची लागते. रिचर्डसन यांनी नुसत्या शोभेसाठी उंच छप्पर घातलं असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

वॉशबॅकच्या खोलीत, म्हणजे आंबवण घराच्या बाबतीत, सगळ्याच शैलींना एक नियम पाळावा लागतो. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. उंच खिडक्या कितीही उघडल्या तरी जमिनीलगत हवा जायला वाट नसेल तर ती खोली धोक्याची. जमिनीलगतच्या जाळ्या फोटोत येत नाहीत. तिथे गेलात तर मुद्दाम पाहा.

या काळातलं तिसरं नाव डिस्टिलऱ्या आखणाऱ्या विल्यम डेल्मे-एव्हन्सचं, आणि माझ्या मते कामाचा विचार करता तोच सर्वांत शहाणा. टलिबार्डिन (1949), जुरा (1963) आणि ग्लेनअ‍ॅलकी (1967) या त्याच्या डिस्टिलऱ्या. त्याचा भर उतारावर असे. माल्ट एकदाच वर चढवायचा. मग दळलेला माल्ट खाली मॅश टनमध्ये (तो गरम पाण्यात भिजवायच्या टाकीत), तिथून गोड रस खाली, असं करत जास्तीत जास्त प्रवास गुरुत्वाकर्षणावर. पंप कमी म्हणजे वीज कमी, आणि बंद पडणाऱ्या वस्तूही कमी. जुरा बेटावर हे विशेष महत्त्वाचं, कारण पंपाचा सुटा भागही बोटीने येतो. तिथले स्टिल 7.7 मीटर उंच आहेत, आणि इमारतीची उंची त्यांच्या मापाने ठरलेली आहे. ग्लेनअ‍ॅलकीत अ‍ॅबरलोरजवळ, बेन रिनिस डोंगराच्या पायथ्याशी, पांढऱ्या भिंती, स्लेटचं छप्पर आणि समोर पाण्याचं तळं. पाहिल्यावर आखणीचा फारसा विचार झाला असेल असं वाटतही नाही. आत गेल्यावर मात्र धान्यापासून स्पिरिटपर्यंतची रांग एका दिशेने, न अडखळता जाते. एका नवख्या माणसाला डिस्टिलरी कशी चालते ते इमारतीच्या आधारे समजावायचं असेल तर मी त्याला ग्लेनअ‍ॅलकीला नेईन.

जुन्या इमारतीचा पुनर्वापर पाहायचा असेल तर डीनस्टन. 1785च्या सूतगिरणीत 1965पासून डिस्टिलरी घातली, आणि 1836च्या कमानदार छताच्या विणकाम-शेडमध्ये पिंपं ठेवली. सूत तुटू नये म्हणून दमट, स्थिर तापमानाची ठेवलेली ती जागा पिंपांनाही तशीच मानवली. इन्व्हरगॉर्डनची धान्य-डिस्टिलरी (1959–61) आकाराने प्रचंड, पण ती कारखान्याच्या नजरेनेच पाहायची.

गोदामांचा विषय मात्र घाईत सोडण्यासारखा नाही, कारण डिस्टिलरीची बहुतेक जमीन त्यांनीच व्यापलेली असते. कायद्याने व्हिस्कीला किमान तीन वर्षं पिंपात काढावी लागतात, प्रत्यक्षात बरीच जास्त. जुनं डनेज गोदाम म्हणजे मातीची जमीन, जाड दगडी भिंती, लाकडी पट्ट्यांवर तीन थरांत पिंपं. पन्नासच्या दशकापासून पोलादी रॅक आले आणि थर आठ-दहा, कधी बारापर्यंत चढले. त्यानंतर पिंपं पॅलेटवर उभी रचायला लागले, म्हणजे फोर्कलिफ्ट थेट आत. वर्षाला साधारण दोन टक्के अल्कोहोल पिंपातून उडून जातं. उंच रॅकमध्ये वरचे थर जास्त तापतात म्हणून तिथली घट खालच्यांपेक्षा वेगळी. ही वाफ बाहेर पडली की भिंतींवर काळी बुरशी वाढते, बॉडोइनिया नावाची, जी या वाफेवरच पोसते. पांढऱ्या भिंतींच्या डिस्टिलरीत ती लगेच डोळ्यांत भरते. जोराच्या फवाऱ्याने धुतली तर चुन्याच्या गिलाव्याचा वरचा थरही जातो, आणि बुरशी काही महिन्यांत परत येते. हलक्या दाबाचं पाणी, मऊ ब्रश आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा चुना हाच मार्ग. जुन्या दगडावर सिमेंटचा जाड गिलावा चढवण्याची चूक त्या काळात खूप ठिकाणी झाली. सिमेंट तडकतं, फटीतून पाऊस आत जातो, बाहेर येत नाही, आणि पुढच्या गारठ्यात गिलाव्याचे पोपडे सुटतात. भिंतीवर बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटलेला समजावा.

टॉरमोर सुरू झाली त्याच वर्षी, 28 मार्च 1960ला, ग्लासगोच्या चीपसाइड स्ट्रीटवरच्या बाँडेड गोदामाला (कर भरण्याआधीची दारू ठेवायच्या गोदामाला) आग लागली. आत दहा लाखांहून अधिक गॅलन व्हिस्की आणि रम होती. तापून पिंपं फुटली, वाफेचा स्फोट झाला आणि भिंती रस्त्यावर कोसळल्या. अग्निशमन दलाचे 14 आणि आगीतून माल वाचवणाऱ्या सॅल्व्हेज कोर या पथकाचे 5, असे 19 जण गेले. एखादं बाँडेड गोदाम पाहताना दगडाच्या सौंदर्याबरोबर शेजारच्या इमारतीपासूनचं अंतर, सांडलेलं स्पिरिट अडवणारे बांध आणि अग्निशमनाला गाडी फिरवायला जागा हेही पाहावं. उघड्या माळावरच्या डिस्टिलरीला हे सोपं जातं. शहरातल्या गोदामांना त्या रात्री ते जमलं नव्हतं.

टॉरमोरची कामगार-घरं मला तिच्या घड्याळापेक्षा जास्त आवडतात. आज एका पाळीत दोन माणसं डिस्टिलरी चालवतात. 1960मध्ये शिफ्टचे स्टिलमन, मॅशमन, कूपर (पिंपं बनवणारे), गोदामाचे हात, आणि सरकारी अबकारी अधिकारीही जागेवर लागायचे. स्पिरिट सेफ आणि गोदाम यांच्या दारांना अबकारी खात्याचं कुलूप असे, आणि तो माणूस आल्याशिवाय काम पुढे जात नसे. निर्जन खोऱ्यात एवढ्या माणसांना राहायला जागा देणं भागच होतं.  रिचर्डसन यांनी घरांना मुख्य इमारतीइतकाच विचार दिला. खेळायला तळं दिलं. कर्लिंगला उथळ पाणी लागतं, कारण ते लवकर आणि सारखं गोठतं. मालकाने मागितलेल्या देखाव्यात कामगाराचाही वाटा ठेवलेला दिसतो, आणि या एका बाबतीत त्या पिढीतली दुसरी कुठलीही डिस्टिलरी टॉरमोरच्या जवळ येत नाही.

वाहतुकीत मात्र रस्त्याला लागून असण्याचं दुखणं आहे. टॉरमोरची क्षमता वर्षाला 50 लाख लिटर शुद्ध अल्कोहोलच्या आसपास. एक टन माल्टमधून साधारण 410 लिटर निघतं, म्हणजे वर्षाला बारा हजार टन माल्ट हवा. 28 टनी ट्रक धरले तर चारशेहून जास्त फेऱ्या फक्त माल्टच्या, त्यावर गुरांच्या खाद्यासाठी जाणारा ओला चोथा, टँकर आणि पिंपांचे ट्रक. हे सगळं दर्शनी भागापासून दूर ठेवायचं तर मागच्या अंगणाला पुरेसा वळणाचा घेर लागतो. साठ वर्षांपूर्वीच्या ट्रकच्या मापाने आखलेली अंगणं आजच्या लांब गाड्यांना अपुरी पडतात. पाहणी करायची तर कोपऱ्यांतल्या दगडांवरचे ओरखडे पाहावेत.

2022मध्ये टॉरमोर एलिक्सिर डिस्टिलर्सकडे आली. त्याआधी ती बराच काळ मोठ्या ब्लेंड-कंपन्यांच्या ताब्यात होती आणि तिची व्हिस्की मुख्यतः ब्लेंडमध्ये जायची. म्हणजे दाखवण्यासाठी बांधलेली डिस्टिलरी, पण बाटलीवर तिचं नाव क्वचित. नव्या मालकांनी पैसा आधी पन्हळींत, छपराखालच्या फळ्यांत आणि पोलादी चौकटींत घालावा. पाहुण्यांची सोय त्यानंतर करता येईल.

पाहायला जाणाऱ्यांसाठी: टॉरमोरचा दर्शनी भाग सार्वजनिक रस्त्यावरून पूर्ण दिसतो. आत जायचं असेल तर प्रवेश आहे का ते निघण्याआधी विचारून घ्यावं. ए95वर ट्रक जोरात जातात, गाडी रस्त्याच्या कडेला अर्धवट उभी करू नये. त्याच रस्त्याने पुढे गेलं की अ‍ॅबरलोरजवळ ग्लेनअ‍ॅलकी आहे, त्यामुळे दोन्ही एका दिवसात जमतात. आधी टॉरमोर, मग ग्लेनअ‍ॅलकी, म्हणजे चेहरा आधी आणि कामाची रांग नंतर. क्लाइनलिशला ब्रोरा गावापर्यंत ए9ने जावं लागतं. कल ईला मात्र जमिनीवरून पाहण्यापेक्षा पाण्यावरून पाहावी. पोर्ट आस्केगहून जुराच्या फिओलिनला जाणारी फेरी घ्या, सकाळची, आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. काचेची भिंत पूर्वेकडे आहे, त्यामुळे ऊन आत शिरतं आणि सहाही तांब्याचे स्टिल समुद्रावरून दिसतात. दुपारी तीच काच काळी पडते.